आमगाव व मद्यप्राशनाचे वय
मद्यप्राशनाचे किमान वय उतरवावे की नाही, हा वाद सर्वत्र चालू आहे. त्याचा उलगडा आमगावच्या पूर्ववृत्तावरून काहीसा होतो. आमगाव व जवळचे लांजी ही दोन्ही स्थळे पूर्वी मध्यप्रांतात असून 1915 च्या एकाच अबकारी कायद्याखाली होती. 1956 साली आमगाव मुंबई राज्यात व 1960 साली महाराष्ट्रात आले. लांजी मध्यप्रदेशातच राहिले. आज कडक मद्यास इकडे 25 वर्षांची अट, तिकडे 21 ची! दिल्ली सरकारनेही 2021 साली 25 चे 21 करण्याचे जाहीर केले. मोहाचे झाड सीमा जाणत नाही. सबब हे वय निसर्गसिद्ध नसून शासननिर्मित होय. संग्राहकांनी अबकारी मक्त्यांचे जुने कागद जपावेत; निर्णयास तेच साधन.