पिंपळे सौदागरची एकशे तीन घरे

पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत मोडते. तेथील उंच इमारती पाहताना, हे एके काळी कोरडवाहू शेतीवर जगणारे लहानसे खेडे होते हे पटणार नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

त्यांनी प्रथम जमिनीचा हिशेब मांडला. १७७१ साली, म्हणजे पेशवाईत, खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७ एकर उरली. शिवाय ती सलग नव्हती. १५६ मालकांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते आणि त्यांतील ४६३ तुकडे एका एकराहून लहान होते. भावाभावांच्या वाटणीत प्रत्येकाला चांगल्या मातीचा वाटा हवा, मग दुसरे काय होणार!

पुढे कुटुंबांची मिळकत तपासली. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे आपल्या शेतीवर नीट जगत होती. २८ कुटुंबांचे शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड दिल्यावर भागत असे. खडकीचा दारूगोळा कारखाना जवळ असल्याने ही जोड मिळू शकत होती. उरलेल्या ६७ घरांत शेती आणि मजुरी मिळूनही खर्चाची तोंडमिळवणी होत नव्हती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डॉ. मॅन यांनी विलायती राहणीचे माप लावले नव्हते. गावकरी स्वतः ज्याला पुरेसे म्हणत, तेच माप धरले होते.

आम्ही धर्मगुरू खेड्यांतील कर्जाचे खापर लग्नाच्या थाटावर व दारूवर सहज फोडतो. आम्हीही तसे प्रवचन अनेकदा केले आहे. परंतु सात एकरांच्या विखुरलेल्या तुकड्यांना काटकसरीचा उपदेश कसा करावा? तेराव्या लिओ पोपमहाशयांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात, काटकसरी कामकऱ्याचा निर्वाह होईल इतके वेतन त्याला मिळालेच पाहिजे, असे सांगितले. अशा वेतनाची वाट पाहणारी घरे पुण्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

डॉ. मॅन यांनी कानिटकरांसमवेत शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकचीही पाहणी केली. ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. तो प्रदेश अवर्षणाचा, आणि तेथील स्थिती पिंपळ्याहून वाईट निघाली. तेथून रोज पायी जाऊन यावे असा कारखाना नव्हता.