राज्यशास्त्राचे तीन पेपर



बारावी पास झालेलं पोरगं जालन्याच्या, अंबडच्या नाहीतर परतूरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालायला जातं, तेव्हा फॉर्मवर आता एक नवा रकाना असतो. मायनर. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ही रचना आली आणि २०२४-२५ पासून ती संलग्न कॉलेजांपर्यंत पोचली. एक विषय मेजर, त्याच्या जोडीला दुसरा मायनर. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, त्यातले साधारण १८ ते २० मायनरचे. एका श्रेयांकाला वर्गातले १५ तास धरा. म्हणजे मायनर म्हणजे जवळपास तीनशे तास.

ह्या रकान्यात आपली पोरं राज्यशास्त्र लिहितात. का लिहिता म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं : सोपं आहे, गाईड मिळतं, मार्क पडतात. तीनशे तास आणि एवढंच कारण! म्हणून थोडा इतिहास काढायचा आहे. कोणता विषय कशासाठी घ्यायचा, त्याच्या शेजारी काय ठेवायचं, ह्याचा कडक हिशेब आपल्यातल्याच एका विद्यार्थ्याने शंभर वर्षांपूर्वी केला होता.

१.

१९१२ साली बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. वेळ आणि पैसा, दोन्ही मोजून दिलेले. त्या तीन वर्षांत त्यांनी जे कोर्स घेतले त्यांचा आकडा बघा : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. एकूण साठ.

राज्यशास्त्राचे फक्त तीन! ज्याने पुढे संविधानाच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, त्याच्या यादीत राज्यशास्त्र खालून मोजायला लागतं. ह्याचा अर्थ राज्यशास्त्र हलकं असा काढू नका. मुंबईत ते शिकून झालंच होतं. आता राज्य कोणाच्या पैशावर चालतं, कोणत्या समाजावर उभं राहतं, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून तिजोरी शिकले, इतिहास शिकले, माणसांच्या जमाती शिकले. जातीवरचा त्यांचा पहिला मोठा निबंध ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचला गेला. चार कोर्सचा बाजूचा विषय, आणि जातिव्यवस्थेच्या मुळावरचा घाव तिथून पडला. कोलंबियातलाच दुसरा अभ्यास प्रांतांच्या वित्तव्यवस्थेचा. तो १९२५ मध्ये पुस्तक होऊन आला. सरकार पैसा कुठून काढतं आणि कुणावर घालतं, हा त्याचा गाभा.

ह्या अभ्यासाचा उपयोग कधी झाला? लगेच. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकारावर साक्ष द्यायला ते उभे राहिले तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. परीक्षेसाठी वाचलेलं साक्षीसाठी बाहेर निघालं.

२.

शेवटच्या वर्षीही हाच विचार त्यांच्या डोक्यात होता. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत राजकारणात उतरणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि मार्च १९५७ नंतर शाळा बंद पडली. पहिली तुकडी तीच शेवटची. आपण पुतळे उभारले, जयंत्या मोठ्या केल्या. पंधरा पोरांची ती शाळा मात्र पुन्हा भरली नाही. गावोगाव राजकारण शिकवणारी जागा रिकामी राहिली आणि तिथे पुढाऱ्यांच्या जीपगाड्या येऊन थांबल्या.

३.

मराठवाड्यात तर शिकण्याची वाटच उशिरा उघडली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातला, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते हैदराबादेत, माध्यम उर्दू. गावकुसाबाहेरच्या मराठी पोराला तिथवर कोण पोचवणार? १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ निघालं २३ ऑगस्ट १९५८ ला. म्हणजे विद्यापीठाच्या आधी आपलं कॉलेज होतं. हे ध्यानात ठेवा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तारखा पाठ पाहिजेत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारला गेला. लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. जालन्याच्या पोराच्या मार्कशीटवर आज जे नाव छापून येतं ते एवढ्या किमतीचं आहे. त्या मार्कशीटवर गाईड वाचून मिळवलेले मार्क चढवायचे?

४.

आता कामाचं बोलू. पेपर विद्यापीठ ठरवतं, ते आपल्या हातात नाही. मेजर-मायनरची जोडी मात्र आपल्या हातात आहे, मोकळा ऐच्छिक विषय आहे, क्षेत्र प्रकल्प आणि समाजकार्याचे श्रेयांकही आहेत. मायनर दुसऱ्या शाखेतूनही घेता येतो असं शासन निर्णय सांगतो. कॉलेज म्हणेल 'आमच्याकडे मास्तर नाही'. तर तेच लेखी मागा.

जोडी लावताना मेजर अर्थशास्त्र किंवा इतिहास, मायनर राज्यशास्त्र, असं बघा. मेजरच राज्यशास्त्र असेल तर मायनर अर्थशास्त्र. आणि प्रत्येक सहामाहीला अभ्यासक्रमाच्या शेजारी आपला एक विषय धरा :

पहिली — संविधान. कलमं घोकू नका. १९४७ चं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' आणि २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण शेजारी ठेवून वाचा. बाबासाहेबांना काय हवं होतं आणि काय मिळालं, ह्यातलं अंतर मोजा.

दुसरी — ग्रामपंचायत. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे. पंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. आपल्या गावचा आकडा माहितीच्या अधिकारात काढा.

तिसरी — मराठवाडा. १९५३ चा नागपूर करार, १९५६ चं राज्य पुनर्रचनेचं वर्ष, कलम ३७१(२), १९९४ चं विकास मंडळ आणि २०२० ला संपलेली त्याची मुदत. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याने काय बदललं?

चौथी — जमीन. १९६४ चा दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीन सत्याग्रह. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई बघा, आपल्या माणसांची नावं आहेत का, आणि सातबाऱ्यावर चढली का.

पाचवी — आरक्षण. शाहू महाराजांचा १९०२ चा हुकूम, मंडल, ५ मे २०२१ चा मराठा आरक्षणावरचा निकाल, १ ऑगस्ट २०२४ चा उपवर्गीकरणाचा निकाल. अंतरवाली सराटीचं २०२३ चं उपोषण आणि वडीगोद्रीचं २०२४ चं उपोषण, दोन्ही अंबड तालुक्यातली. देशभरातले पत्रकार जिथे येऊन गेले ते तुमच्या एस.टी.च्या रस्त्यावर आहे. दोन्हीकडची माणसं ऐका. निकाल मुळातून वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको.

सहावी — लिहिणं. आधीच्या पाचांतलं एक गाव, एक प्रश्न घेऊन पंचवीस पानं. सहीशिक्क्याच्या नकला जोडून.

हे एकट्याने होत नाही. पाच-सहा जण मिळून करा. एकाने निकाल वाचावा, एकाने नमुना १-ई काढावा, एकीने बायांशी बोलून त्यांचं म्हणणं उतरवावं. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसा. बाबासाहेबांच्या शाळेत पंधरा होते. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. तालुक्याला दोन पोरं निघाली तरी सोळा होतात.

प्रवेशाचा फॉर्म भरताना मायनरच्या रकान्यात राज्यशास्त्र जरूर लिहा. पण कोणत्या साक्षीसाठी लिहितो आहोत ते आधी ठरवा.

जयभीम.