कॅसेटीतली अक्षरं

खानदेशात घरगुती संगणक कधी आला, हे सांगणारा एकही कागद मला आजवर मिळालेला नाही. शाळांचं तसं नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला आणि देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले. त्याची परिपत्रकं आहेत, अहवाल आहेत. बँकांत संगणक येताना कर्मचारी संघटनांनी केलेल्या विरोधाचीही नोंद आहे. पण एखाद्या घरात, देवघर आणि दिवाण यांच्यामधल्या स्टुलावर, ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडून बसवलेल्या संगणकाची नोंद कोण ठेवणार? पावती हरवते, दुकान बंद पडतं, मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो आणि यंत्र माळ्यावर जातं.

म्हणून निवृत्तीनंतर मी जळगाव-धुळ्याचे माळे धुंडाळायला लागलो. नोकरीत असताना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं, सोल्डरिंगचा हात होता. आतापर्यंत अकरा यंत्रं माझ्या टेबलावरून गेली, त्यांतली सात चालू झाली. या छंदात बहुतेकांना जुने गेम पुन्हा खेळायचे असतात. त्यात वाईट काही नाही, मीही खेळतो. पण इतिहास म्हणून पाहिलं तर गेम हा सगळ्यांत कमी बोलणारा पुरावा. तो लंडनमध्ये जसा होता तसाच धुळ्यात होता. बोलतात त्या घरी भरलेल्या कॅसेटी आणि त्यांच्यासोबतच्या वह्या.

ज्या यंत्राविषयी सांगायचं आहे ते आधी थोडक्यात. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. रबरी बटणं, ४८ के स्मृती, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीसाठी घरचाच टेपरेकॉर्डर. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचीच कडक बटणांची ‘प्लस’ आवृत्ती आली. पुढे भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ती परवान्याने बनवली आणि ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. परदेशातून आणलेल्या यंत्रांची इकडे एक गंमत व्हायची. ती यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर चित्र पाठवत आणि आपल्याकडच्या पुष्कळ टीव्हींना तेव्हा फक्त व्हीएचएफ येई. संगणक सुरू, टीव्ही सुरू, आणि पडद्यावर मुंग्या.

१९८३ मध्ये राज्यात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्या लाटेत जळगावजवळ बांभोरीलाही महाविद्यालय निघालं. पुढच्याच वर्षी केंद्राचं नवं संगणक धोरण आलं. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलासाठी कापसाचे पैसे हातात आल्यावर बापाने संगणक घेऊन द्यावा, अशी ती दोन-चार वर्षं होती. मला सापडलेली बहुतेक यंत्रं अशाच घरांतली आहेत.

धुळ्याचं यंत्र एका ताईंनी आणलं. धुळ्याच्या जुन्या गावात गल्ल्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. तशाच एका गल्लीतलं वडिलांचं घर विकायचं ठरलं होतं आणि माळा रिकामा करताना थोरल्या भावाचा खोका निघाला. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. खोक्यात डीबी स्पेक्ट्रम, नऊ कॅसेटी, चौकटीच्या कागदाची एक वही आणि गुंडाळलेली वायर. “चालू नाही झालं तरी चालेल भाऊ,” ताई म्हणाल्या, “पण यात काय आहे तेवढं सांगा.”

यंत्र चालू होणार नाही हे पहिल्या पाच मिनिटांतच दिसलं. स्पेक्ट्रमच्या नऊ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन. मूळ अडॅप्टर हरवला, कुणी दुसरा लावला की यंत्र आतून जळतं. इथेही तेच झालेलं असावं. आतले जादा व्होल्टेज तयार करणारा छोटा ट्रान्झिस्टर गेला होता आणि त्याच्यामागे खालच्या १६ के स्मृतीतल्या आठपैकी दोन चिपा. टीव्हीवर दिसणारं चित्र याच स्मृतीत असतं, त्यामुळे पडद्यावर अक्षरांऐवजी उभे पट्टे. कळफलकाच्या आतली प्लॅस्टिकची पट्टी हात लावताच पापडासारखी मोडली. पत्र्याखालचे चाळीस उन्हाळे, आणि तेही आपल्याकडचे, पंचेचाळीस अंशांचे! ट्रान्झिस्टर गोलाणी मार्केटमध्ये मिळाला, चिपा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवल्या, कळफलकाची पट्टी नव्याने बनवणारे आहेत, त्यांच्याकडून घेतली.

इथे एक प्रश्न येतो आणि तो माझ्या मते या छंदाचा खरा प्रश्न आहे. बोर्डावर मूळ विद्युत्संचायक होते, सुकलेले. बदलले तर यंत्र टिकेल, पण ते मूळचं राहणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे जुनी दफ्तरं धुंडाळत गावोगाव हिंडले. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांच्या नावावर आहेत. साधनं छापणाऱ्या त्या परंपरेतला साधा शिरस्ता असा, की कागद फाटला असेल तिथे टिंबं द्यायची, मनाने वाक्य पुरं करायचं नाही. मी तोच शिरस्ता यंत्राला लावतो. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात, पाकिटावर बोर्डावरची जागा आणि तारीख. यंत्र चालतं, आणि माझा हात कुठे लागला तेही कळतं.

यंत्र चालू झालं. आता कॅसेटी.

नऊपैकी पाच गेमच्या. दोन कोऱ्या, किंवा पुसल्यासारख्या. एकीत आतला फेल्टचा छोटा तुकडा गळून पडलेला. तो फीत हेडवर दाबून धरतो, त्याचा गोंद वाळला की आवाज बसतो. दुसऱ्या कॅसेटीतला तुकडा काढून तिला लावला, पण तीत हिशेबाचा अर्धवट प्रोग्राम निघाला. नवव्या कॅसेटीवर निळ्या शाईत ‘मराठी’ असं लिहिलेलं. तिची मागची प्लॅस्टिकची चकती मोडलेली नव्हती. जाणत्या माणसाने मोडली असती, म्हणजे वरून भरता आलं नसतं. ती न मोडण्याची किंमत पुढे कळली.

कॅसेटीआधी वही पाहिली होती. वहीत आठ बाय आठ चौकटींत काळी-पांढरी घरं भरून मराठी अक्षरं काढलेली होती. स्पेक्ट्रमवर प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांत बसतं, म्हणजे आठ बाइट. वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हं करता येतात. देवनागरीला २१ पुरणार कशी? या मुलाने दोन उपाय काढले होते. पहिला त्या काळी जाणकारांना ठाऊक असलेला. संगणक अक्षरांचा तक्ता कुठून वाचतो तो पत्ता २३६०६ आणि २३६०७ या दोन घरांत असतो. तो बदलला की ९६ चिन्हांचा आपला अख्खा तक्ता लावता येतो. ९६ गुणिले ८, एकूण ७६८ बाइट.

दुसरा उपाय मात्र कुठल्या इंग्रजी पुस्तकातला नव्हता. त, न, प, म, स ही अक्षरं त्याने दंडाशिवाय काढली होती, अर्धी. दंड वेगळा. अर्धं अक्षर आणि दंड मिळून पूर्ण अक्षर, नुसतं अर्धं घेतलं की जोडाक्षर. मी ताईंना वही दाखवली. त्या पान उलटता उलटता थांबल्या. “हाई तं मना टाइपरायटरनं शे!” घरात त्या काळी त्याच मराठी टायपिंगच्या क्लासला जात होत्या, सरकारी परीक्षेसाठी. संध्याकाळी भाऊ त्यांना कुठलं बटण दाबल्यावर काय उमटतं हे विचारून पाठीमागे लागायचा, हे त्यांना आठवत होतं. कशासाठी विचारतो ते मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

वहीच्या पहिल्या पानावर चाचणीसाठी घेतलेला शब्द ‘धुळे’. वेलांटी-मात्रा वरच्या ओळीतल्या घरात, उकार खालच्या ओळीतल्या घरात, अशी त्याची मांडणी होती. म्हणजे एका मराठी ओळीचा उकार आणि तिच्या खालच्या ओळीची मात्रा एकाच घरावर हक्क सांगणार. वहीत टीप आहे: दोन्ही एकत्र आले तर उकार जातो. धुळ्याला उकारही लागतो आणि मात्राही. दुसऱ्या पानावर ‘जळगाव’ आहे, आणि तिथे काहीच खाडाखोड नाही. जळगावच्या वर काही नाही नि खाली काही नाही, सगळं एका ओळीत बसतं. धुळेकरांनी यावरून काय समजायचं ते समजावं.

कॅसेट लावली. रेकॉर्डरच्या हेडचा कोन बारीक पेचकसने जुळवून घेतला. दर रेकॉर्डरचा कोन थोडा वेगळा असतो आणि जरा चुकलं की वाचन फसतं. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे आले, मग निळे-पिवळे. ‘प्रोग्राम: मराठी’ अशी ओळ उमटली. तो भरला, चालू झाला, आणि त्याने पुढचा भाग मागितला. ‘बाइट्स: अक्षर’ अशी ओळही आली. हाच तो ७६८ बाइटांचा तक्ता. त्यानंतर काही नाही. कड नुसती लुकलुकत राहिली.

इअरफोनची पिन घातली की टेपरेकॉर्डरचा स्पीकर बंद होतो. म्हणून फितीवर काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. मी पिन उपसली. म्हातारीचा आवाज. अहिराणीत गात होती, मध्ये खोकत होती, मागे भांड्यांचा आवाज. साडेतीन मिनिटं. ताईंनी पहिल्या क्षणी ओळखलं. आजी.

घरातल्या कुणीतरी, बहुधा ताईंच्या काकूंनी, हाताला आलेली कॅसेट घेऊन आजीचं गाणं भरलं होतं. ७६८ बाइटांना फितीवर सहा-सात सेकंद लागतात. तेवढेच गेले. पण तेच नेमके.

माझ्यातला दुरुस्ती करणारा माणूस हळहळला, हे कबूल करतो. नंतर विचार केला तर तोल दुसरीकडे जातो. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी आणि मावसभावाने वहीत उतरवली म्हणून उरली, आणि १९५२ मध्ये ती छापली गेली. ज्यांना उतरवून घेणारं कुणी नव्हतं अशा बायका या दोन जिल्ह्यांत गावागणिक होत्या. त्यांतली एक इथे फितीवर आली ती संगणकाची कॅसेट घरात होती म्हणून. गाण्याची प्रत मी सगळ्यांत आधी करून ठेवली, अक्षरांचं नंतर पाहिलं.

अक्षरं वहीवरून पुन्हा भरली. चौकटी मोजायच्या, आठ-आठ आकडे लिहायचे, तीन रात्री लागल्या. आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणारे प्रोग्राम आहेत, त्यांत हे घटकाभरात झालं असतं, आणि आधी मी तसं करूनही पाहिलं. सपाट पडद्यावर ती अक्षरं जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसली, ‘क’ तर ओळखूच येईना. मग तेच आकडे मूळ यंत्रावर घेतले आणि त्याला जुना चौदा इंची टीव्ही जोडला. टीव्हीवर ठिपका शेजारी थोडा पसरतो. पायऱ्या विरघळल्या, ‘क’ चा पोट गोल झाला. त्याने अक्षरं कागदासाठी काढलीच नव्हती, त्या टीव्हीसाठी काढली होती. यंत्र दुरुस्त केलं नसतं तर हे मला कळलं नसतं.

वहीचं एक पान वाळवीने खाल्लं आहे. त्यावर श, ष, ह आणि ळ होते. पहिल्या पानावरच्या ‘धुळे’त एक ळ आहे, पण तो पेन्सिलीने काढून फुली मारलेला, त्याला तो पसंत नव्हता. मी ती जागा रिकामी ठेवली. त्यामुळे त्या टीव्हीवर आज ‘धु’ येतो, मग एक मोकळं घर, त्याच्या वर मात्रा.

ताई परवा पुन्हा आल्या होत्या, आजीच्या गाण्याच्या आणखी दोन प्रती न्यायला. पडद्याकडे बराच वेळ पाहून त्यांनी चौकटीचा कागद मागितला आणि चष्मा लावून टाइपरायटरवरचा ळ आठवून काढायला बसल्या. दोनदा खोडला. तिसरा मी भरला आहे, पण वेगळ्या कॅसेटवर. तिच्यावर त्यांचं नाव आणि तारीख घातली, आणि मागची चकती मोडून टाकली.