मुकुट चढला, चांदी उतरली

इथे ब्रिटनमध्ये दुकानातून सुटे पैसे परत मिळाले, की त्यांवर राजा किंवा राणीचा चेहरा असतोच. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. प्राचीन रोममध्ये मात्र एके काळी हे भलतंच धाडस ठरलं असतं.

इ.स.पू. २११ च्या सुमारास रोमने 'डिनेरियस' हे चांदीचं नाणं पाडायला सुरुवात केली. त्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी असे. जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर आणायचा नाही, ही प्रजासत्ताकाची रीत. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ती मोडली आणि त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. गंमत बघा, खून करणाऱ्यांतल्या ब्रूटसनेही लवकरच नाण्यावर स्वतःचा चेहरा छापला. मागच्या बाजूला दोन खंजीर आणि मधे स्वातंत्र्याची टोपी!

पुढे ऑगस्टसने हे तंत्र पक्कं केलं. ईजिप्त जिंकल्याची बातमी त्याने नाण्यावर मगर काढून दिली. वर्तमानपत्रं नव्हती, पण सैनिकांच्या पगारातून सम्राट गावोगाव पोचत होता.

आणि इथेच खरी मेख आहे. चेहऱ्यावर लोकांचा विश्वास बसला, की आतली चांदी कमी करता येते. इ.स. ६४ मध्ये नीरोने नाण्याचं वजन घटवलं आणि चांदीत तांबं वाढवलं. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी जेमतेम निम्मी उरली. २१५ मध्ये कॅराकॅलाने नवीन नाणं काढलं. डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट, किंमत दोन डिनेरियसची, चांदी मात्र दीडाची! २७० च्या सुमारास त्या नाण्यात ५ टक्केही चांदी नव्हती. मुकुटाचे किरण तेवढे शाबूत होते.

याची एक खूण आपल्या देशातही आहे. रोमन व्यापारी मिरी न्यायला दक्षिण भारतात येत. कोइमतूर परिसरातल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांची चांदीची नाणी भरपूर सापडली. नीरोच्या भेसळीनंतरची मात्र अगदी तुरळक. आपले व्यापारी चेहऱ्याला भुलत नव्हते, धातू पारखत होते, असं म्हणायला नक्कीच जागा आहे.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीचं नाणं ठेवाल, तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. छाप कुणीही मारू शकतं. कस लागतो तो चांदीचा!