क्लच दाबला तरी गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

डहाणू/तलासरी : डहाणू रोड स्टेशन, कासा, चारोटी नाका, तलासरी, उधवा या पट्ट्यात जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस अजून रोज धावतात. कुणी प्रवासी भरतं, कुणी चिकू-भाजी बाजारात नेतं. रात्री-अपरात्री पेशंटला दवाखान्यात न्यायलाही हीच गाडी दारात येते. अशी गाडी 'क्लच गेला' म्हणून दोन दिवस गॅरेजला उभी राहिली की भाडं बुडतं आणि गावाची सोयही जाते.

क्लच गेला म्हणजे प्रत्येक वेळी क्लच प्लेटच गेली असं नसतं. पुष्कळदा बिघाड बाहेरच्या पाइपात, रबरात किंवा ऑइलमध्ये असतो आणि गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतो. म्हणून खर्चाला हो म्हणण्याआधी थोडी तपासणी आपण स्वतः करावी.

हायड्रॉलिक क्लच चालतो कसा?

मारुती 800, ओम्नी, जुनी अल्टो यांना क्लचची केबल असते. वर सांगितलेल्या जीपगाड्यांना केबल नसते, तिथे ऑइलचा दाब काम करतो. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो. ते पाइपातून खाली गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं. स्लेव्हचा दांडा बाहेर येतो, फोर्क ढकलतो आणि प्लेट सुटते.

ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात हवा शिरली की पायाचा जोर हवा दाबण्यातच जातो आणि खालचा दांडा पुरता सरकत नाही.

आधी सुरक्षा

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. तपासणीच्या वेळी गाडीपुढे आणि मागे माणूस, पोर, जनावर नको.

पायरी 1 : डबीतलं ऑइल बघा

बॉनेट उघडून क्लच ऑइलची डबी बघा. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. ऑइल कमी असेल तर नुसतं भरून गाडी काढू नका. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, कमी झालं म्हणजे बहुतेक करून कुठून तरी गळतंय. डबी एकच असेल तर ही गळती ब्रेकलाही धोक्याची आहे.

पायरी 2 : गळती शोधा

तीन जागा बघा. पहिली, गाडीच्या आत पेडलच्या वर. दांडा आत जातो तिथे बोट फिरवा, ओल असेल तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. दुसरी, स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी. ती थोडी मागे करा, आतून ऑइल निघालं तर स्लेव्ह गेला. तिसरी, पाइपाचे जोड आणि रबरी होज. चिंचणी, डहाणू, बोर्डीच्या खाऱ्या हवेत लोखंडी पाइप लवकर गंजतात, त्यामुळे क्लिपांच्या खालची जागा नीट बघा.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर तो कशाचा, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. थेंब पाण्याच्या वाटीत टाका. ब्रेक-क्लचचं ऑइल पाण्यात मिसळतं. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वर तरंगतं.

पायरी 3 : पेडल काय सांगतं?

• पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतो : पाइपात हवा आहे, ऑइल कमी आहे किंवा मास्टर सिलिंडर झिजलाय.

• बाहेर गळती नाही, पण पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं : मास्टर सिलिंडरच्या आतली रबरी वाटी गेली. ऑइल आतल्या आत मागे येतं.

• पेडल जड झालं किंवा क्लच उशिरा सुटतो : होज आतून फुगून बंद होत असेल, स्लेव्ह अडकत असेल किंवा प्रेशर प्लेट खराब असेल.

• पेडल ठीक आहे, इंजिन गरजतं पण चढावर गाडी ओढत नाही : क्लच घसरतोय. बहुधा प्लेट झिजली, किंवा इंजिनच्या मागच्या सीलचं ऑइल प्लेटवर आलं. पण पेडलला थोडा मोकळा खेळ आहे का तेही बघा. खेळ नसेल तर चांगली प्लेटही घसरते.

पायरी 4 : खालच्या दांड्याची चाल

इंजिन बंद ठेवा. एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने बाजूने स्लेव्हचा दांडा बघायचा. दांडा जेमतेम हलला तर दोष ऑइलच्या बाजूला, म्हणजे मास्टर, स्लेव्ह, होज किंवा हवा. पेडल मिनिटभर दाबून धरलं आणि दांडा हळूहळू मागे आला, तरी तेच. दांडा चांगला सरकला आणि तिथेच टिकला, तरीही गिअर करकरतो, तर मात्र दोष आत आहे : फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट किंवा प्लेट. तेव्हाच गिअरबॉक्स उतरवायचा. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच असतो, त्यांना ही तपासणी लागू नाही.

हवा काढायची पद्धत

डबी भरा. स्लेव्हच्या निप्पलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करायचं. बुडबुडे आणि ऑइल बाहेर आलं की आधी निप्पल घट्ट करायचं, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत असंच करत राहा. मध्ये मध्ये डबी भरत राहा, ती रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरते. चार दिवसांनी पेडल परत मऊ झालं तर समजा गळती अजून आहे.

ऑइल कोणतं?

डबीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच, म्हणजे डॉट 3 किंवा डॉट 4. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल चुकूनही टाकू नका. रबर फुगतं आणि सगळं किट बदलावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नये, आणि गाडीतलं ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. काढलेलं ऑइल विहिरीजवळ, ओहोळात किंवा वाडीत ओतू नका.

रस्त्यात क्लच गेला तर

आधी प्रवासी उतरवा आणि पार्किंग लाइट लावा. गाडी धोक्याच्या जागी अडकली असेल आणि पुढची जागा मोकळी असेल, तर इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये टाका आणि स्टार्टर मारा. बहुतेक जुन्या गाड्या झटका देऊन पुढे सरकतात. हा उपाय फक्त कडेला घेण्यापुरता. महामार्गावर किंवा जव्हारकडच्या चढावर अशी गाडी भरून नेऊ नका.

गॅरेजला गेल्यावर

मेस्त्रीला 'क्लच गेला' एवढंच सांगू नका. ऑइल किती कमी झालं, ओल कुठे दिसली, पंप केल्यावर गिअर पडतो का, दांडा किती सरकतो, हे चार मुद्दे सांगा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. मास्टर किंवा स्लेव्हचं नुसतं किट टाकायचं असेल तर आधी सिलिंडरची आतली भिंत बघायला सांगा. तिथे गंज किंवा ओरखडे असतील तर नवं रबर थोड्याच दिवसांत पुन्हा कापलं जातं, आणि तेव्हा पूर्ण सिलिंडर बदलणंच स्वस्त पडतं.