औषधउद्योगाची धोरणपैरवी, भारतातील

औषधनिर्मिती क्षेत्रातील उद्योगांनी कायदे व किंमत-नियंत्रण यांबाबत शासनापुढे संघटितपणे बाजू मांडण्याचे कार्य. इंडियन ड्रग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही देशी उत्पादकांची संघटना १९६१ मध्ये मुंबईत स्थापन झाली. बहुराष्ट्रीय कंपन्यांची ऑर्गनायझेशन ऑफ फार्मास्युटिकल प्रोड्यूसर्स ऑफ इंडिया १९६५ मधील.

या दोन गटांमधील वादाचे मूळ एकस्वात [→ एकस्व]. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर आलेल्या १९७० च्या कायद्याने औषधांवरील पदार्थ-एकस्व रद्द केले. संरक्षण उरले ते फक्त कृतीला. रेणू तोच, पण वेगळ्या रासायनिक मार्गाने तयार केलेला, हे कायदेशीर ठरले. देशी जेनेरिक उद्योग मुख्यतः याच तरतुदीवर उभा राहिला.

ट्रिप्स करारामुळे [→ जागतिक व्यापार संघटना] १ जानेवारी २००५ पासून पदार्थ-एकस्व परत आले. मात्र एकस्व कायद्याच्या कलम ३ (डी) नुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याखेरीज, एकस्व मिळत नाही. रुग्णांच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची अट होय. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपाला एकस्व नाकारणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिला. त्या खटल्यात औषध कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णसेवी संस्थाही प्रतिवादी होती.