पितृसहभाग, शासकीय पाठबळ (पुणे शहर)

मुलाचे खाणेपिणे, आजारपण, लसीकरण, खेळ आणि शाळा या रोजच्या संगोपनात वडिलांनी प्रत्यक्ष वाटा उचलावा, यासाठी शासनाने केलेले कायदे, दिलेल्या रजा, चालवलेले उपक्रम आणि त्यांवर खर्चलेला पैसा हा या नोंदीचा विषय आहे. या उद्देशाची ठळक अशी एकच योजना पुणे शहरात दाखवता येत नाही. जे आहे ते केंद्राचे सेवानियम, राज्याचे शासन निर्णय, महापालिकेची प्रसूतिगृहे, अंगणवाड्या आणि शाळा यांत विखुरलेले आहे. राज्याचे महिला व बालविकास आयुक्तालय आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ही दोन्ही कार्यालये पुण्यातच असल्याने त्यातला बराच कारभार या शहरातून चालतो. हे तुकडे एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट नजरेत भरते. शासन बापाला कायदेशीर पालक मानते, कमावता मानते. मुलाला सांभाळणारा मात्र आई नसेल तेव्हाच मानते. हा क्रम बदलल्याशिवाय पितृसहभाग वाढणार नाही, आणि तो बदलण्याचे आजवरचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे बापाच्याच नावावर राखून ठेवलेला पगारी वेळ.

कायद्यापासून सुरुवात करू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता, त्याच्यानंतर माता. पण पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे. म्हणजे सही बापाची आणि सांभाळ आईचा, ही वाटणी कायद्यातच आहे. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, ती मुख्यतः विभक्त होणाऱ्या जोडप्यांसाठी. सेवानियमांतही हेच चित्र दिसते. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना सहाव्या वेतन आयोगानंतर ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. २०१८ मध्ये ती पुरुषांना खुली झाली, पण फक्त एकल पित्यांना. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषाला ती मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. पुण्याच्या आयुक्तालयामार्फत चालणारी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना एकल पालकाच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये देते, त्यात विधुर बापही बसतो. या तिन्ही तरतुदी आवश्यक आहेत, त्या काढाव्यात असे कोणी म्हणणार नाही. मात्र तिन्हींत बाप पात्र ठरतो तो बदली माणूस म्हणून. आई घरात असताना, तिच्या बरोबरीने मूल वाढवणारा बाप या नियमांना दिसतच नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या सुरुवातीच्या अर्जात पतीचा आधार क्रमांक आणि संमती मागितली जाई. एकल मातांची त्यामुळे अडवणूक होत असल्याने नंतर ती अट काढली गेली, हे योग्यच झाले. पण बाळाच्या पहिल्या सरकारी कागदावर बापाचे काम काय होते, तर क्रमांक देणे आणि सही करणे.

पुरुषाचा स्वभावच तसा आहे, त्याला शासन काय करणार, असा पहिला आक्षेप असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष घरातल्यांची काळजी घेण्याच्या कामात सहभागी असल्याचे आढळले. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी १४० मिनिटे वेळ गेला, पुरुषांचा ७४ मिनिटे. तफावत मोठी आहे, पण पाचातला एक पुरुष दिवसाला सव्वा तास काळजी घेतो, हेही त्याच आकड्यांत आहे. स्वभावच आड येत असता तर हा आकडा शून्याच्या जवळ असता. शिवाय स्वभाव मानला जाणारा हा आकडा नियम बदलले की हलतो, हे जपानने दाखवले आहे. तिथे १९९२ पासून बापाला संगोपन रजेचा हक्क होता, तरी २०१२ मध्ये ती घेणारे बाप दोन टक्केही नव्हते. पुढे प्रत्येक भावी बापाला मालकाने स्वतः रजेबद्दल विचारावे असे बंधन आले, ऑक्टोबर २०२२ पासून जन्मानंतरची वेगळी चार आठवड्यांची रजा आली आणि मोठ्या कंपन्यांना किती बापांनी रजा घेतली ते जाहीर करणे भाग पडले. २०२४ मध्ये हे प्रमाण ४०.५ टक्के झाले. बारा वर्षांत जपानी पुरुषाचा स्वभाव पालटला नव्हता, रजा मागताना वाटणारी भीती कमी झाली होती.

भारतात पितृत्व रजेची मुख्य तरतूद केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील ४३-ए हा नियम. पाचव्या वेतन आयोगानंतर १९९७ मध्ये ही रजा सुरू झाली: दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या कर्मचाऱ्याला १५ दिवस, प्रसूतीपूर्वी १५ दिवसांपासून ते प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत. मुदतीत घेतली नाही तर ती बुडते. पुण्यात शिवाजीनगरची वेधशाळा, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, रेल्वे आणि लष्करी आस्थापनांतले मुलकी कर्मचारी असा मोठा नोकरवर्ग केंद्राच्या नियमांखाली किंवा त्यांच्या धर्तीवर चालतो. हिंजवडी किंवा चाकणच्या खासगी कंपनीत काय मिळेल ते मात्र कंपनीच्या मर्जीवर. या नियमातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे सहा महिन्यांची मुदत, आणि तिचे महत्त्व महाराष्ट्राच्या रिवाजात नीट कळते. पहिले बाळंतपण माहेरी होते. डोहाळजेवण आटोपले की बाई माहेरी जाते, बाळंतपण आणि बारसे तिथेच होते, आणि दोनतीन महिन्यांचे बाळ घेऊन ती पुण्याला परतते. माहेर लातूरला किंवा चिपळूणला असेल तर बाप शनिवारी रात्री एसटी धरतो आणि रविवारी रात्री परत निघतो. तिथे आजी, मावशी, तेलमालीश करणारी बाई असा गोतावळा असतो. त्यात जावई पाहुणाच. बाळाची आंघोळ, दुपटी, रात्रीचे जागरण, सरकारी दवाखान्यातली लसीची रांग हे सगळे त्याच्या वाट्याला येऊ शकते ते पुण्यातल्या दोन खोल्यांत मायलेकरे परत आल्यावर. प्रसूतीच्या वेळीच सगळे पंधरा दिवस खर्च करण्याची रीत आहे, तिचा फेरविचार झाला पाहिजे. रजा दोनतीन तुकड्यांत घेता यावी आणि मुदत वर्षभर असावी. कारण केंद्राच्या महिला कर्मचाऱ्याची प्रसूती रजा १८० दिवसांची, प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर खासगी आस्थापनांतली २६ आठवड्यांची. म्हणजे आई कामावर रुजू व्हायची वेळ येते तेव्हाच बापाच्या रजेचीही मुदत संपते. घराला त्याची सर्वाधिक गरज असते त्याच आठवड्यात त्याचा हक्क संपलेला असतो. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर सक्तीचे केले आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली, ती फक्त स्त्री कर्मचाऱ्याला. त्याच कंपनीत काम करणाऱ्या बापाला पाळणाघरात डोकावायचे तर साहेबाची परवानगी काढावी लागते.

रजेखालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे सरकारी सेवांची दारे. केंद्राने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतिसोबतिणीला मान्यता दिली आणि खासगीपणाची व्यवस्था असेल तिथे पतीलाही आत येऊ देता येईल असे म्हटले. एका दालनात अनेक खाटा असल्या की या सवलतीचा उपयोग उरत नाही, कारण शेजारच्या बाईची लाज राखणे तितकेच आवश्यक आहे. त्यामुळे इथे खर्च करायचा तो दोन खाटांमधल्या पडद्यांवर आणि आडभिंतींवर. आशा कार्यकर्ती नवजात बाळासाठी ४२ दिवसांत सहा-सात गृहभेटी देते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून पुढे आलेली ही पद्धत देशभर गेली. पण भेट दिवसा होते आणि बाप कामावर असतो. निदान एक भेट रविवारी ठरवली आणि तिचा वेगळा भत्ता आशाला दिला, तर बाळाचे तापमान कसे पाहावे, बाळाला दवाखान्यात कधी हलवावे हे बापालाही शिकता येईल. शाळेच्या बाबतीत तर राज्याने निवड उघडच केली आहे. २०२२ पासूनच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात वस्तीवस्तीत माता गट उभे राहिले आणि कृतिपत्रिका आयांच्या हाती गेल्या. हे गट उपयोगी आहेत यात शंका नाही. पण पहिलीत जाणाऱ्या मुलाचा अभ्यास हे आईचे काम, हा समज त्यामुळे शासनाच्या शिक्क्याने पक्का झाला. उलट दिशेचा एक संकेत २०२५ च्या राष्ट्रीय पोषण महिन्यात मिळाला. त्याच्या विषयांत पोषण आणि संगोपनातला पुरुषांचा सहभाग प्रथमच ठळकपणे आला. एका महिन्याच्या मेळाव्यांनी काय साधेल, हा प्रश्न मात्र उरतोच.

अमेरिकेचा अनुभव इथे बोलका आहे. ‘जबाबदार पितृत्व’ या नावाने तिथे २००५ च्या कायद्यापासून दरवर्षी कोट्यवधी डॉलरचे अनुदान दिले जाते, मुख्यतः वर्ग, गटचर्चा आणि समुपदेशनासाठी. संघराज्य सरकारने करून घेतलेल्या मूल्यमापनात बापांच्या वागण्यातली माया आणि मुलांबरोबरचे खेळ-वाचन थोडे वाढलेले दिसले. प्रत्यक्ष भेटीगाठी आणि आर्थिक मदत वाढली नाही. याउलट स्वीडनने १९९५ मध्ये पालक रजेतला एक महिना बापासाठी राखून ठेवला, त्याने घेतला नाही तर तो बुडणार, तेव्हा एकही दिवस रजा न घेणाऱ्या बापांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते ते पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरले. याच सुधारणेनंतर मुलाच्या आजारपणात घरी राहणाऱ्या बापांचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले नाही, आणि राखीव रजेचा पुरस्कार करताना हे लपवू नये. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००६ पासून बापासाठी राखीव पाच आठवडे अधिक चांगल्या मोबदल्यासह दिले, आणि तिथे घरकामाच्या वाटणीतला बदल रजा संपल्यावरही टिकला. रजा राखीव हवी, पुरेशी लांब हवी आणि पगार बुडवणारी नको, एवढे या दोन्हींवरून निघते. पंधरा दिवस ही सुरुवात म्हणून ठीक आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप असंघटित कामगारांचा आहे. कात्रज किंवा वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या गवंड्याला रजा कोण देणार? खाडा झाला की मजुरी गेली. पितृत्व रजा म्हणजे नोकरदारांचे लाड, ही टीका म्हणूनच ऐकून घेतली पाहिजे. पण उत्तराचा पाया महाराष्ट्रातच घातलेला आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगाराला पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती साहाय्य देते, नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेला २०,००० रुपये, आणि ते नोंदीत पुरुष कामगाराच्या पत्नीलाही मिळते. पैसा बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो. नोंदणी आहे, निधी आहे, अर्जाची वाट आहे. प्रसूतीनंतरच्या वर्षात पंधरा दिवसांची किमान मजुरी बापाच्या खात्यावर द्यायची, एवढी भर त्यात घालावी लागेल. तो खरोखर घरी थांबला का, हे तपासणे अवघड आहे, मान्य. पण तसा पुरावा आपण पगारी रजा घेणाऱ्या अधिकाऱ्याकडेही मागत नाही. मालकांवर बोजा पडेल, हा आक्षेपही जुनाच आहे. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. त्याआधी, १९२८ मध्ये, प्रांतिक विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाला पाठिंबा देताना हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, अशी भूमिका घेतली होती. ती आजही लागू पडते, कारण सगळा खर्च मालकावर टाकला की मालक तरुण बापांना टाळतो, जसे तो तरुण स्त्रियांना टाळतो.

स्त्रियांच्या चळवळीतून येणारी शंका वेगळी आणि गंभीर आहे. आयांसाठीचा निधी आधीच अपुरा, त्यात बापांचा वाटेकरी कशाला? आणि मारझोड करणाऱ्या बापाला मुलाजवळ ढकलायचे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वाने नव्हे, लेखाशीर्षाने द्यावे लागेल: पितृसहभागाची तरतूद अंगणवाडी किंवा मातृवंदनेच्या निधीतून वळवता कामा नये. दुसऱ्यासाठी पुण्याने वाट दाखवली आहे. हिंसाग्रस्त स्त्रियांबरोबर अनेक वर्षे काम केलेल्या नारी समता मंचानेच २००८ मध्ये पुरुष संवाद केंद्र सुरू केले. पुरुषाशी बोलणे हा स्त्रीच्या सुरक्षेचाच भाग आहे, हे त्यामागचे भान शासकीय उपक्रमांतही हवे. हिंसेची तक्रार असलेल्या घरात आधी आई आणि मूल सुरक्षित, मग बापाचा सहभाग, हा क्रम नियमातच लिहिलेला असावा.

देशव्यापी कायद्याचे प्रयत्न मराठी खासदारांनीच पुढे नेले आहेत. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचे अशासकीय विधेयक मांडले: पंधरा दिवस, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारे, संघटित आणि असंघटित दोन्ही क्षेत्रांना लागू, आणि खर्चासाठी कामगार, मालक व केंद्र सरकार यांच्या वर्गणीचा निधी. डिसेंबर २०२५ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी पगारी पितृत्व रजेचे विधेयक लोकसभेत मांडले; पुणे शहराचा दक्षिण भाग त्यांच्याच मतदारसंघात येतो. त्याआधी काही दिवस, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली होती आणि तिच्यात मातृत्व लाभाचे प्रकरण आहे, पितृत्वाचे नाही. अशासकीय विधेयकांपैकी १९७० नंतर एकही कायदा झालेले नाही, त्यामुळे केवळ संसदेकडे पाहत राहण्यात अर्थ नाही. प्रसूती साहाय्य हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. १९२९ चा प्रांतिक कायदा केंद्राच्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याआधी ३२ वर्षे झाला होता. सिक्कीमने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी महिनाभराची पितृत्व रजा जाहीर केली, तीही केंद्राची वाट न पाहता. महाराष्ट्राला आपले रजा नियम आणि बांधकाम मंडळाची योजना बदलण्यासाठी दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही.